आच टिकली पाहिजे

भिलाईच्या टाउनशिपमधल्या एका मुलीनं गणेशोत्सवातल्या लघुपट स्पर्धेसाठी गोष्ट लिहिली होती. सायकलवरून शाळेला जाणाऱ्या दोन मैत्रिणींची. निम्मं चित्रीकरण झालं आणि मुख्य भूमिका करणारी मैत्रीण सायकलवरून पडली. पाय थेट प्लास्टरमध्ये. मुलगी घरी आली ती रडवेली होऊन, आणि मोबाइलमधली दृश्यं एकेक करून पुसू लागली.

आजोबांची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनवर झालेली. ते जवळ येऊन बसले.

"पुसायची एवढी घाई का, बाळा?"

"आजोबा, तिच्याशिवाय कसला सिनेमा? तुम्हीच सांगा."

"अनुराग बासू माहीत आहेत ना?"

"'बर्फी'वाले?"

"तेच. जन्म आपल्या भिलाईतला, १९७४चा. आईवडील नाटकातले. २००४ साली त्यांचा 'मर्डर' गाजला आणि त्याच वर्षी 'तुमसा नहीं देखा' पुरा व्हायच्या आत त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. सेटवर जाणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? रुग्णालयातल्या खाटेवरून प्रसंग कसा घ्यायचा, ते बोलून रेकॉर्ड करून ठेवलं. महेश भट्ट आणि मोहित सुरी यांनी सिनेमा पुरा केला. आपलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवायला मन मोठं लागतं, बरं का! उपचार चालू असतानाच त्यांनी 'गँगस्टर' लिहायला घेतला; तो २००६ मध्ये आला. आणि २०१२चा 'बर्फी' भारतानं ऑस्करसाठी पाठवला. त्याच्या नायकाला ना ऐकू येतं, ना बोलता येतं!"

मुलीचं बोट मोबाइलवर थबकलं.

"आणखी एक बाई आहेत, चेरियन दाबिस. जन्म अमेरिकेतला, वडील पॅलेस्टिनी. आपल्या एका सिनेमाच्या लेखिका त्याच, दिग्दर्शिका त्याच आणि त्यात आईची भूमिकाही त्यांचीच. १९४८मध्ये याफातून परागंदा झालेल्या एका घराच्या तीन पिढ्यांची गोष्ट त्यांना पॅलेस्टाइनमध्येच चित्रित करायची होती. तयारी झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये युद्ध पेटलं. माणसांना घेऊन बाहेर पडावं लागलं. ज्या मातीची गोष्ट, तिथंच पाय ठेवता येईना. पण त्यांनी सायप्रस, जॉर्डन, ग्रीस अशा परक्या ठिकाणी आपलं गाव उभं केलं आणि जानेवारी २०२५मध्ये तो सिनेमा सनडान्स महोत्सवात दाखवला."

"एवढं सगळं मोडल्यावर पुन्हा उभं राहायचं बळ कुठून येतं, आजोबा?"

"आमच्या कोक ओव्हनचं सांगतो. बॅटरी, म्हणजे या भट्ट्यांची रांग, एकदा तापवली की वर्षानुवर्षं गार होऊ द्यायची नाही. गार झाली की आतल्या सिलिकाच्या विटांना तडे जातात. कोळसा कमी आला, मागणी घटली, तर उत्पादन कमी करायचं. पण आच राखायची. अडचणीच्या दिवसांत एवढंच सांभाळायचं असतं. तू आज सगळं पुसलंस, तर महिन्याभरानं प्लास्टर निघेल, पण तुझ्या हाती काहीच उरलेलं नसेल."

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग वही काढून तिनं गोष्टच फिरवली. आता एक मैत्रीण पाय मोडून घरी बसलेली, आणि दुसरी रोज मोबाइलवर रस्ता, शाळा, मैदान टिपून तिला दाखवणारी. प्लास्टर खरंच होतं, ते लपवायची गरज उरली नाही. शूटिंग मैत्रिणीच्याच घरी करायचं ठरलं आणि कॅमेरा धरायला तिचा धाकटा भाऊ तयार झाला. आधीची सायकलवरची दृश्यं आठवणी म्हणून जशीच्या तशी कामी आली.

लघुपट वेळेत पुरा झाला. मैत्रिणीच्या आईनं तो सगळ्यांच्या आधी पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही गोष्ट तर आधीच्यापेक्षा चांगली झाली!"

तात्पर्य : संकट आपल्या हातातलं साधन, जागा किंवा सोबती हिरावून घेऊ शकतं. तेव्हा वाट बदलावी, वेग कमी करावा, दुसऱ्याचा हात मोकळ्या मनानं घ्यावा. पण हाती घेतलेल्या कामाची आच विझू देऊ नये.