पद लहान, कर्म थोर

शहपुऱ्यातील एका गृहस्थांनी विचारले, “मुलगा सैन्यात वर्षानुवर्षे हवालदारच आहे, हे अपयश नव्हे काय?”

वरच्या जागा थोड्या असतात. कित्येकांस परीक्षा साधत नाही, कित्येक घरासाठी बढती नाकारतात. ज्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे केंद्र आज जवळच जबलपुरास आहे, तिचे अब्दुल हमीदही हवालदारच होते. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण क्षेत्रात जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे फोडीत असता त्यांनी देह ठेवला. मरणोत्तर परमवीरचक्र लाभले.

गीतेचा अठरावा अध्याय सिद्धीचे नाते पदाशी नव्हे, स्वकर्माशी जोडतो. मात्र आळसाने वा भयाने मागे राहणे म्हणजे संतोष नव्हे. म्हणून मुलाचे पद विचारण्याआधी, तो आपले काम कसे करतो, हे विचारावे.