थांबायचं कधी, हे कुणाला कळतं? (गीता १८.३०)



काल २९व्या श्लोकात भगवंतांनी विषयाची सुरुवात करून दिली: बुद्धी आणि धृती यांचेही गुणांप्रमाणे तीन-तीन प्रकार आहेत, ते ऐक. आज त्यातली पहिली, सात्त्विक बुद्धी.

भगवंत तिची ओळख फार व्यवहारी करून देतात. तिला किती ग्रंथ पाठ आहेत, वादात ती किती जणांना हरवते, याचा उल्लेखही नाही. फक्त चार जोड्या सांगतात. प्रवृत्ती आणि निवृत्ती, म्हणजे पुढे कधी जायचं आणि कधी थांबायचं. कार्य आणि अकार्य. भय आणि अभय, म्हणजे कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. शेवटी बंध आणि मोक्ष. या चार जोड्या जिला नीट कळतात, ती बुद्धी सात्त्विक.

कॉलेजात असताना हा श्लोक मी दोन मिनिटांत वाचून पुढे गेलो होतो. त्यात अवघड असं काही वाटलंच नव्हतं. त्याचा अर्थ मला समजावला माझ्या मामांनी. मामा ट्रक चालवायचे. गीता त्यांनी वाचलेली नाही.

गोष्ट ऑक्टोबर १९९८ ची. मी तेव्हा दुसरीत होतो. त्या वर्षी कांद्याचे भाव असे भडकले होते की दिल्लीच्या निवडणुकीतही कांदा गाजला. मामांची गाडी लासलगावहून वाशी मार्केटला कांदा घेऊन निघाली. नऊ टनांच्या गाडीत अकरा टन माल. पहाटे मार्केटला पोचलं तर भाव, उशीर झाला तर काय मिळेल ते. सोबत क्लीनर होता, एकोणीस वर्षांचा पोरगा.

घोटीच्या पुढे मामांना जाणवलं की ब्रेक मारल्यावर गाडी धरायला हवी तेवढी धरत नाहीये. थोडा जळका वासही आला. इगतपुरीला घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचं मंदिर आहे. तिथे थांबून, चाकांना हात लावून बघायचं आणि मगच कसारा घाट उतरायचा, अशी जुन्या ड्रायव्हरांची रीत होती. मामांनी चालत्या गाडीतूनच देवीला हात जोडले आणि पुढे निघाले.

मामा म्हणतात, "देवीला नमस्कार केला रे, पण ती काय सांगतेय ते ऐकायला थांबलो नाही."

वर घाटात गाडी न्यूट्रलला टाकली. मालक डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवर बक्षीस द्यायचा.

ज्यांना गाडीतलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की इंजिनचा आणि चाकांचा संबंध सुटतो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबल्यामुळे ड्रम तापतात, लायनरची पकड जाते, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम असतो: ज्या गिअरमध्ये घाट चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. गंमत म्हणजे हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती बचतही होत नाही.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आपण सगळे ओळखतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती. त्यानंतरही तिथले अपघात थांबलेले नाहीत.

मामांच्या गाडीचं तेच झालं. एका वळणावर ब्रेक लागेनात. त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून दोघं वाचले. कांदा रस्ताभर पसरला. क्लीनरचा पाय मोडला. तो आजही लंगडतो.

पुढचे कित्येक महिने मामा सगळ्यांना एकच सांगत होते, "ब्रेक फेल झाले." मालकाला तेच, घरी तेच, त्या पोरालाही तेच.

मंडळी, आता इथे जरा थांबू. आपल्याला वाटतं, एवढी मोठी चूक झाली म्हणजे माणूस आपोआप शहाणा झाला असेल. तसं झालं नाही. पुन्हा स्टिअरिंगवर बसले तेव्हा मामांना प्रत्येक आवाजाची भीती वाटायला लागली. ताडपत्री फडफडली तरी गाडी बाजूला. एका रात्रीत सात-सात वेळा खाली उतरायचे. खेपा उशिरा पोचायला लागल्या, मालक वैतागला. मामांना कळेना की आतून जे वाटतंय ते खरं की नुसती धडकी. आधी भय असताना ते कळलं नव्हतं. आता भय नसतानाही सगळीकडे तेच दिसत होतं. भय आणि अभय, जोडीतली दोन्ही टोकं चुकली.

मग त्यांच्या उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते गाडी शिकले त्यांनी, एका ढाब्यावर त्यांना समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "त्या रात्री वास आला होता का?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आला होता."

उस्ताद म्हणाले, "मग ब्रेक फेल झाले असं कशाला सांगत फिरतोस? जोवर खोटं सांगशील तोवर तुझे कान तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. आधी त्या पोराकडे जा."

मामा गेले. त्याच्या घरी, त्याच्या आईसमोर म्हणाले, "मला वास आला होता. मी थांबलो नाही." ती माउली काही बोलली नाही. तिने पाणी तेवढं दिलं. मामा दर महिन्याला जात राहिले, पगारातले थोडे पैसे देत राहिले. तो पोरगा पुढे टायरच्या दुकानात लागला, तोवर.

उस्तादांनी त्यांना आणखी एक सवय लावली. निघण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी. प्रत्येक टायर ठोकून बघायचा, ड्रमजवळ हात न्यायचा, वास घ्यायचा. आणि खेप संपली की पाच मिनिटं बसून आठवायचं: आज कुठे कुठे शंका आली, खाली उतरून बघितलं तेव्हा काय निघालं? शंका खरी होती की धडकी? वर्षभरात दोन्हींतला फरक कळायला लागला. मामा सांगतात, "धडकी ओरडते. खरी शंका हळू बोलते, आणि एकच गोष्ट बोलते: मागचं डावं चाक बघ."

मी त्यांना विचारलं, "मामा, मग नंतर कधी असं झालं का, की तुम्ही थांबलात आणि त्यामुळे वाचलात?"

मामा हसले. म्हणाले, "ते कसं कळणार रे बाळा? एकदा इगतपुरीला रात्रभर थांबलो. चाक गरम लागलं म्हणून. सकाळी मेकॅनिकला दाखवून उतरलो. मार्केट चुकलं, मालकाने शिव्या घातल्या. कदाचित तसाच उतरलो असतो तरी काही झालं नसतं. जो थांबतो त्याला पुरावा मिळत नाही. पुरावा फक्त न थांबणाऱ्याला मिळतो."

हे वाक्य ऐकलं तेव्हा मला गप्प बसावं लागलं, कारण मी त्यांच्याकडे गेलोच होतो एक ओझं घेऊन.

मंडळी, हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहितो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमचं एक रिलीज होतं. पेमेंटच्या भागात बदल होता. माझ्या हाताखालच्या एका ज्युनिअर मुलीने कोड लिहिला होता, रिव्ह्यू माझ्याकडे होता. एका ठिकाणी माझी नजर अडकली. रिक्वेस्ट पुन्हा आली तर काय होईल? शंका हळू आवाजातली होती आणि नेमकी होती. पण शुक्रवारची संध्याकाळ होती, वरून दोन वेळा मेसेज आला होता, आणि तारीख पुढे गेली तर माझं नाव खराब होणार होतं. मी अ‍ॅप्रूव्ह केलं. त्या रात्री कित्येक ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले.

पैसे परत गेले, कोड सुधारला. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे विचारत होते की हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, तेव्हा मी मान खाली घालून बसलो. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे होत्या. मी म्हणालो, "टेस्ट केसेस कमी पडल्या." मामांचं "ब्रेक फेल झाले" आणि माझं "टेस्ट केसेस कमी पडल्या" यात फरक काय, सांगा.

त्यानंतर माझंही तसंच झालं. प्रत्येक ओळीवर संशय. दोन दिवसांचा रिव्ह्यू आठवडाभर लांबायचा. मी त्याला 'काळजीपूर्वक काम' म्हणत होतो. ती धडकी होती.

कठोपनिषदात यमराज नचिकेताला रथाचं रूपक सांगतात. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन म्हणजे लगाम, बुद्धी सारथी, आणि आत बसलेला आत्मा रथाचा स्वामी. आपण बहुतेक वेळा लगामालाच सारथी समजतो. मन ओढेल तिकडे जातो आणि म्हणतो, "मला आतून वाटलं." पण आतून येणारी प्रत्येक गोष्ट अंतर्ज्ञान नसते. वासनाही आतूनच येते, भीतीही आतूनच येते. पुढच्या दोन श्लोकांत भगवंत हेच सांगणार आहेत: राजस बुद्धीला धर्म-अधर्म दिसतात, पण जसे आहेत तसे दिसत नाहीत, तामस बुद्धीला सगळं उलटंच दिसतं.

मग ओळखायचं कसं? मामांच्या गोष्टीतून मला सापडलेल्या तीन खुणा सांगतो. हे शास्त्रवचन नव्हे, माझं चिंतन आहे.

पहिली खूण: त्या आवाजाने माझा तात्काळ फायदा होतोय का? "चल, काही होत नाही" हा आवाज नेहमी मार्केट गाठायला निघालेला असतो. "थांब" म्हणणाऱ्या आवाजाला बहुतेकदा किंमत मोजावी लागते. फुकटात पटणाऱ्या आवाजावर जरा जास्त संशय घ्यावा.

दुसरी खूण: तो नेमकं काही सांगतोय का? धडकी सगळ्यालाच घाबरते. बुद्धी एका चाकाकडे बोट दाखवते. बोट दाखवलं की खाली उतरून बघता येतं. उतरून बघणं म्हणजे काही अविश्वास नव्हे. आतल्या आवाजाला घासून-पुसून लख्ख करायचा तोच मार्ग आहे.

तिसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड: मागच्या वेळी तो आवाज दाबला होता हे मी कबूल केलंय का? जोवर आपण चुकीची गोष्ट बदलून सांगतो, तोवर चूक आपल्याला काही शिकवू शकत नाही. आपण तिच्या तोंडावर हात ठेवलेला असतो. भगवंतांनी बंध आणि मोक्ष ही जोडी याच श्लोकात का ठेवली, ते मला इथे कळलं. खोटं बांधून ठेवतं. कबुली सोडवते, आणि मग सारथ्याला पुन्हा रस्ता दिसायला लागतो.

मामांकडून परत आल्यावर मी त्या मुलीला कॉफीसाठी बोलावलं आणि सांगितलं, "मला शंका आली होती. मी बोललो नाही, आणि मीटिंगमध्येही बोललो नाही." नंतर तेच मॅनेजरला सांगितलं. त्या वर्षी माझं रेटिंग खाली आलं. ती मुलगी काही महिन्यांनी दुसऱ्या टीममध्ये गेली. समोर आली की हसते, पण पूर्वीसारखं नाही. कबुलीने सगळं पूर्ववत होतं असं मी सांगणार नाही. त्या क्लीनरचा पायही सरळ झाला नाही. पण माझे कान पुन्हा माझे झाले.

आणि थांबल्यावर पुरावा मिळत नाही, त्याचं काय? मला वाटतं, श्रद्धा नेमकी तिथेच लागते. फळावर आपला अधिकार नाही हे दुसऱ्या अध्यायात आपण वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर मोठी फळं होती: यश, पैसा, नाव. "मी थांबलो म्हणून वाचलो" हे समाधानसुद्धा एक फळच आहे. तेही सोडायचं. योग्य वाटलं म्हणून थांबायचं, शिव्या खायच्या, आणि रात्री शांत झोपायचं.

एक गोष्ट विसरू नका. पार्थाचा सारथी होऊन घोड्यांचे लगाम हातात घेणाऱ्या भगवंतांनी अर्जुनाचा निर्णय मात्र हातात घेतला नाही. याच अध्यायाच्या शेवटाकडे ते त्याला म्हणतात की आता सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. देव आपलं स्टिअरिंग हिसकावून घेत नाही. वास मात्र आणून देतो. थांबायचं आपल्याला असतं.

आजचा अभ्यास छोटा आहे. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. आज कुठे आतून "थांब" आलं होतं? मी खाली उतरून बघितलं का? नसेल, तर ते कुणाला सांगायचं राहिलंय? एक नाव मनात आलं तर उद्या सकाळी त्याला फोन करा.

हे पांडुरंगा, घाई आमची आहे, आवाज तुझा आहे. तो ऐकायला थांबण्याचं बळ दे.

उद्या ३१वा श्लोक, राजस बुद्धी. तोवर राम कृष्ण हरी!