वाट्याची मालकी आणि अखंड जबाबदारी

सामायिक मालकीत नफा वाटणे सोपे असते, दोष वाटणे नाही. रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाशी लागणाऱ्या मासेमारी नौकांसारख्या नौका अनेकदा भावाभावांच्या किंवा भागीदारीतल्या असतात. मासळी विकली, डिझेल-बर्फाचा खर्च वजा केला की वाटे पडतात. पण कुजकी फळी माहीत असून नौका समुद्रात लोटली आणि खलाशी बुडाला, तर चार मालकांपैकी प्रत्येकाचा दोष पाव धरायचा का?

भागीदारीचा व्यवहार, म्हणजे संभूयसमुत्थान, धर्मशास्त्राच्या १८ व्यवहारपदांत, म्हणजे वादविषयांत, मोडतो. याज्ञवल्क्यस्मृती लाभ-हानी वाट्याप्रमाणे किंवा ठरावाप्रमाणे वाटायला सांगते. मात्र मनाई मोडून, संमती न घेता किंवा हलगर्जीने कोणी नुकसान केले, तर ते त्यानेच भरायचे. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा विचार याहून खोल आहे. सत्र नावाच्या यज्ञाला १७ ते २४ जण बसतात आणि सगळेच यजमान असतात. तरी फळाचे तुकडे होत नाहीत. प्रत्येकाला ते पूर्ण मिळते. पुण्याला हा न्याय लागू असेल, तर पापाला तो नाकारण्याचे कारण दिसत नाही.

अमेरिकेने सामायिक मालकीच्या विमानांसाठी २००३ साली केलेले नियम याच दिशेने जातात. विमानात सोळाव्या, हेलिकॉप्टरमध्ये बत्तिसाव्या हिश्श्याचाही मालक होता येते. पण उड्डाण त्याच्या सांगण्यावरून निघाले, की त्यावरील नियंत्रणाची जबाबदारी त्याची, आणि ती समजल्याची सही त्याने द्यायची. कामे व्यवस्थापक कंपनीवर सोपवली, तर नियमपालनासाठी दोघे मिळून आणि वेगवेगळेही बांधील राहतात. वैमानिकांच्या नोंदी सरकारी निरीक्षकाला पाहता येतात.

दोष ठरवताना कोणाला काय आणि केव्हा माहीत होते, हे कळावे लागते. म्हणून नोंदवही लागते. महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली नौकेला परवाना लागतो, आणि बंदरातून निघताना घ्यायच्या टोकनमुळे समुद्रात कोण गेले हे किनाऱ्यावर कळते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका ओढून घेतात, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकतात. तेव्हा हाताला लागलेली मऊ फळी ज्याने पाहिली, त्याने ती इतर वाटेकऱ्यांना सांगितली आणि लिहून ठेवली, तर ते ज्ञान सगळ्यांचे होते. न सांगता ठेवले, तर दोष त्याचा, आणि पूर्ण. ज्यांनी विचारलेच नाही, तेही यातून सुटत नाहीत. नौका तपासणाऱ्या तपासनीसाचा शिक्का त्या दिवसापुरता खरा असतो; पुढच्या दिवसांची पाहणी मालकांकडेच राहते, वाटा कितीही लहान असो.