लावणी आणि वारी

ज्येष्ठ सरत आला की आमच्या भागातल्या माळकऱ्यापुढे दरसाल एक पेच उभा राहतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे ऐकली म्हणजे परगावच्या वारकऱ्याला लोकल, कारखाने आणि इमारतीच आठवतात. त्यात खोटे काही नाही. परंतु बारवीच्या बाजूला, वांगणीकडे, मलंगगडाच्या पायथ्याशी अजूनही भात लागते. पहिल्या पावसावर पेरलेली रोपे तीन-चार आठवड्यांत लावणीला येतात. फार दिवस तशीच राहिली तर पुढे फुटवे धरत नाहीत आणि वर्षाचा दाणा हातचा जातो. नेमक्या त्याच दिवसांत आळंदीहून माउली आणि देहूहून तुकोबाराय निघालेले असतात. तिथी दरसाल सारखी येत नाही. २०२३ साली आषाढी २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला. एखादे वर्षी निभते, एखादे वर्षी लावणी आणि वारी एकमेकींच्या उरावर बसतात. म्हणूनच आमच्याकडची पुष्कळ मंडळी भात घरात आल्यावर, कार्तिकात घाट चढून आळंदीला जातात. पण आषाढी ती आषाढी!

मागे एका कीर्तनानंतर बदलापूरकडच्या एका तरुण माळकऱ्याने आम्हाला गाठले. म्हणाला, "बुवा, रोपं तयार झालीत, दिंडी परवा निघते. बाप थकलाय. गेलो तर शेत जातं, राहिलो तर वारी चुकते. पाप कशात ते सांगा."

आम्ही लागलीच सांगितले. वारी हे माळकऱ्याचे नित्यकर्म; ते टाकले तर प्रत्यवाय आहेच. पण थकल्या आईबापांना पोसणे हेही नित्यच, काम्य नव्हे. दोन नित्ये आडवी आली तर काय करायचे, हे आपल्या संप्रदायाने पहिल्या दिवशीच ठरवून ठेवले आहे. पुंडलिकाने देवासाठी आईबापांची सेवा सोडली नाही, देवालाच विटेवर थांबवले. अरणचे सावतोबा मळा सोडून गेले नाहीत. आषाढ वद्यात पांडुरंगाची पालखीच त्यांना भेटायला अरणला जाते. तेव्हा लावणी कर आणि बांधावर हरिपाठ म्हण. कारखान्यात पाळी करणारा भाऊ सुटी नसली म्हणजे शहाडच्या विठ्ठलाला जाऊन येतो, लोकलच्या डब्यात आमचे लोक टाळ वाजवत भजन करतात, ते काय देवाला पोचत नाही? मात्र काम हे निमित्त होऊ देऊ नकोस. लावणी झाली, कापणी झाली, मग पोराचे लग्न, मग घराचा माळा, असे करता करता माळ नुसती गळ्यात राहते.

पोराचे समाधान झाले. आमचे झाले नाही.

कारण घरी जाताना मनात आले, आपण तर पस्तीस आषाढ्या केल्या. आपलीही दोन खाचरे आहेत. मग तितकी वर्षे लावणी कुणी केली?

उत्तर ठाऊक होते. चिखलात वाकून मुलांच्या आईने केली. पोरे लहान होती तेव्हा एकाला बांधावर इरल्याखाली निजवून केली. आम्ही पंढरीहून आलो की ती आमच्या पायांवर पाणी घालायची. गावाने आम्हाला वारकरी म्हटले. तिची एक आषाढी झाली नव्हती.

आम्ही लहानपणापासून संस्कृत घोकले. 'पत्नी' हा शब्द पाणिनीने यज्ञाच्या संबंधातच साधला आहे, हे शेकडो वेळा सांगून श्रोत्यांकडून माना डोलावून घेतल्या. पण घरच्या यज्ञात फळ कोण घेतो आणि समिधा कोण होतो, हे साठी आली तरी पाहिले नाही. याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या जिजाईचे आख्यान आम्ही हसवण्यासाठी लावत असू. तिची चिडचिड, तिची बोलणी यांची नक्कल केली की मंडप हसायचा. त्याच कथेत तिच्या पायातला काटा काढायला विठ्ठल स्वतः बसतो, ते आम्ही दोन वाक्यांत उरकून पुढे जायचो. तुकोबांच्या घरची चूल कुणी पेटती ठेवली, हे देवाला कळले होते, कीर्तनकाराला कळले नव्हते.

२०२४ साली आम्ही तिला म्हटले, यंदा तू जा. ती म्हणाली, "आणि भात कोण लावणार? तुम्ही?" तिच्या हसण्यात चेष्टा होती की काय, आम्ही विचारले नाही. गावच्या बायकांबरोबर ती आळंदीपासून पायी गेली.

इकडे तिसऱ्या दिवशी आमची कंबर धरली. पण खरे सांगायचे तर एक नवलही झाले. दुपारी बांधावर तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी, अंगावर पाऊस, लावणीला आलेल्या बायांची थट्टामस्करी आणि गाणी. असल्या सुखांना आम्ही व्यासपीठावरून सरसकट विषय म्हणून झोडपत आलो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी बेताचा आहार आणि बेताचा विहार योग्यालाही सांगितला आहे. तो श्लोक शिकवताना आमचे सारे बोट 'बेताचा' या शब्दावर असायचे, 'आहार-विहार' यावर कधी गेलेच नाही. ती भाकरी खाताना देव दूर गेला असे काही वाटले नाही.

द्वादशीनंतर ती आली. प्रसाद आणि बुक्का हातावर ठेवला. वाट कशी होती, वाखरीला काय पाहिले, विटेपर्यंत रांगेत किती तास गेले, सगळे ऐकायला आम्ही बसलो होतो. ती पिशवी ठेवून आधी खाचरावर गेली. बराच वेळ बांधावर उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "दाट लावलंत हो. पुढच्या साली जरा अंतर ठेवा."