तळव्यांसाठी मागणं

विठ्ठला, आषाढी जवळ आली आणि मी इकडे बंगळुरात, हेब्बाळमध्ये आहे. तिकडे तुझ्या वाटेवर माणसं चालताहेत. इकडे आज आम्ही घरचे सगळे तलावाकाठच्या बागेत चपला काढून फिरलो. याला मी वारी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. सुनेने रविवारचा बेत ठरवला होता. जर्मनीत सेबास्टियन क्नाइप नावाचा एक पाद्री होऊन गेला, 1821 ते 1897 मधला. आजाऱ्यांना तो ओल्या गवतातून, गार पाण्यातून अनवाणी चालवायचा. आता तिकडे त्यासाठी वाटाच आखतात, कुठे चिखल, कुठे खडी, कुठे झाडाच्या साली, आणि लोक मुलाबाळांना घेऊन मुद्दाम जातात. मला हसू आलं. आमच्या माहेरी अनवाणी चालायला पाद्री लागत नव्हता. चपलांचा एकच बरा जोड असायचा, तो लग्नकार्याला.

तरी आज जे दिलंस त्याबद्दल आधी हात जोडते. बागेतल्या फरशीवर पोरांचे पाय नुसते पुढे पुढे जात होते. फरशी सोडून मातीत उतरले आणि दोघं थबकली. इथली लाल माती, रात्रीच्या पावसाने भिजलेली, बोटांच्या बेचक्यांतून वर आली तेव्हा नातीने एवढी किंकाळी मारली की काठावरचे बगळे उडाले. नातू करंजाच्या वाळक्या शेंगांवर मुद्दाम उभा राहून टोचतंय का ते पाहत होता. बागेत काम करणारी बाई लांबूनच ओरडली, "अज्जी, मुळ्ळु इदे, हुषारु!" मुळ्ळु म्हणजे काटा, एवढं कानडी मला येतं. ती स्वतः अनवाणीच होती. ही पोरं अकराव्या मजल्यावर वाढताहेत, रे. लिफ्ट, गाडी, शाळेचे बूट. त्यांच्या तळव्यांना या गावाची ओळख आज झाली. ती अशीच वाढू दे. लागलं-सवरलं तर चालेल, सून ऐकत नाही म्हणून तुला सांगते.

पाण्यात मात्र मी कुणाला उतरू दिलं नाही. तलाव दिसायला मोठा देखणा आहे. पाणकावळे पंख पसरून बसलेले, जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून हिंडताहेत, वरच्या उड्डाणपुलावरून विमानतळाकडे गाड्यांची रांग. जुन्या राजांनी ही तळी एकाखाली एक अशी बांधली होती: एक भरलं की सांडवा पुढच्यात, हेब्बाळचं पाणी नागवाऱ्याला, तिथून आणखी खाली, शेवटी दक्षिण पिनाकिनीला. आता त्याच वाटेने गटाराचं पाणी वाहतं. नॉर्वेच्या मदतीने 1998 मध्ये हा तलाव एकदा स्वच्छ केला होता म्हणतात. पण वरून येणारं थांबलं नाही तर तळं किती वेळा धुणार? क्नाइपबाबांचा निम्मा उपचार पाण्यातला, तो आमचा राहूनच गेला. हे काम तुझं नाही, महापालिकेचं आहे, कळतं मला. तरी त्यांना बुद्धी दे. पोरं मोठी व्हायच्या आत एकदा घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहू देत.

याच मातीत 2018 मध्ये नाल्याचं खोदकाम चालू असताना एक वीरगळ सापडला. 750 च्या सुमाराचा, कानडी लेखाचा. कित्तय्या नावाचा माणूस स्वारी अडवताना पडला, असं त्यावर कोरलं आहे. स्वारी राष्ट्रकूटांची होती असं मानतात, म्हणजे थोडीफार आमच्याच बाजूची. आज आम्ही त्याच्या गावात भाड्याने राहतो. त्यालाही शांती दे. तुला संत कानडा म्हणत आले, तेव्हा त्याची भाषा तुला आमच्याआधी कळत असणार.

आता मुख्य मागणं. हे बाकावर बसून राहिले, मधुमेहींच्या त्या मऊ एमसीआर चपला घालून. किती वर्षांची साखर, तळव्यांना आता काही कळत नाही. डॉक्टरांनी अनवाणी पाऊलसुद्धा टाकायचं नाही म्हणून बजावलं आहे, कारण काटा रुतला तरी समजणार नाही आणि जखम पिकल्यावरच दिसेल. नात ओल्या पायांनी धावत आली नि म्हणाली, "आजोबा, माती कसली गार लागते!" हे म्हणाले, "हो का?" आणि तिच्याच तळव्याला हात लावून पाहिला. विठ्ठला, मला दुखणं नको असतं, कुणालाच नको असतं. पण दुखणंही काढून घेतलंस की माणसाचं काय होतं, ते मी रोज रात्री भिंग घेऊन यांचे तळवे तपासताना बघते. सगळं परत दे असं म्हणत नाही. निदान टाचेपुरतं तरी ठेव.

आणि ज्यांना सगळंच कळतं, त्यांचं काय? 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी निघाले होते, वनजमिनीचे पट्टे मागायला, सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईला. त्यांत आदिवासी बायाबापड्या कितीतरी. सोललेल्या, फोड आलेल्या तळव्यांचे फोटो तेव्हा घराघरांत दिसले. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीच चालून आझाद मैदानावर पोचले. आम्ही हौसेने चपला काढल्या, पिशवीत टाकल्या, दमलो की घातल्या. बागेतल्या त्या बाईच्या पिशवीत चपला नव्हत्या. तिला एक जोड घ्यावा असं मनात आलं आणि विचारायची लाज वाटली. ती लाज घालव. पुढच्या रविवारी विचारीन, तिने नाही म्हटलं तर तेही ऐकून घेईन.

तूही अनवाणीच उभा आहेस, विटेवर. येणारा प्रत्येक जण पायांना हात लावतो, डोकं टेकतो. लोकांच्या स्पर्शानेच तुझे पाय झिजत आले. 2020 च्या टाळेबंदीत देऊळ बंद होतं तेव्हा मूर्तीला वज्रलेप दिला, हे वाचून मी रडले होते. खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. झिजलेल्या पायांचं गाऱ्हाणं कुणापुढे न्यायचं, हा प्रश्न तेव्हा मिटला.

चैत्री वारीला यांना पंढरपूरला आणायचं म्हणते. मुलगा सुट्टी काढेल. देवळात चपला काढाव्याच लागतील, मोजे घालू दिले तर घालेन. पण चैत्रातलं आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे आणि दगड किती तापलाय ते यांना कळणार नाही. मी हात लावून बघत बघत पुढे जाईन, हे मागून येतील. तेवढा वेळ जरा ढग धर.