समुद्राकडे पाठ केलेलं बेट

सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातलं सिसिलीखालोखाल सर्वांत मोठं बेट. किनारा १८०० किलोमीटरांहून लांब. तरीही इथला मूळचा माणूस दर्यावर्दी नाही, मेंढपाळ आहे. माणसं १६ लाखांच्या आत आणि मेंढ्या ३० लाखांच्या घरात. या मेंढपाळाचं घर बेटाच्या पोटात, बार्बाजियाच्या डोंगराळ मुलखात. समुद्रावरून जो येतो तो लुटायलाच येतो, अशी त्याच्याकडे जुनी म्हणच आहे. ही म्हण ठाऊक नसेल तर सार्डिनियाचे किनारे डोळे भरून पाहूनही ते कळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

किनाऱ्यावरची गावं पाहत जावं तसं हे उलगडत जातं. वायव्येचं आल्गेरो तटबंदीच्या आत वसलेलं, समुद्राला अगदी खेटून. १३५४ मध्ये आरागॉनच्या राजाने ते जिंकलं, जुन्या रहिवाशांना हुसकावलं आणि त्यांच्या जागी कॅटलान माणसं आणून वसवली. आजही तिथल्या गल्ल्यांच्या पाट्यांवर कॅटलान नावं आहेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती भाषा आहे. उत्तरेच्या कास्तेलसार्दोचा किल्ला जेनोवाच्या दोरिया घराण्याचा. नैर्ऋत्येच्या कार्लोफोर्तेत १७३८ मध्ये आली ती ट्युनिशियाजवळच्या ताबार्का बेटावरची, मूळची लिगुरियातली माणसं. १७९८ मध्ये ट्युनिसच्या चाच्यांनी हे गाव लुटलं आणि सुमारे ९०० माणसं गुलाम म्हणून धरून नेली. त्यांची सुटका व्हायला पाच वर्षं लागली. किनाऱ्याने जाताना दर थोड्या अंतरावर टेकाडावर दगडी बुरूज दिसतात. फोटोत ते देखणे येतात. ते बांधले होते चाच्यांची शिडं लांबून दिसावीत आणि माणसांना डोंगरात पळायला वेळ मिळावा म्हणून.

बोझा हे गाव मला या सगळ्यांत अधिक बोलकं वाटतं. ते समुद्रावर नाहीच. तेमो नदीच्या काठाने दोनेक किलोमीटर आत सरकून, मालास्पिना किल्ल्याच्या उतारावर रंगीत घरं एकमेकांना धरून बसली आहेत. पलीकडच्या तीरावर बंद पडलेल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांची लांब ओळ आहे. समुद्र हवा होता तो नदीच्या वाटेने माल पाठवण्यापुरता, अंगणात नको होता.

चाचे गेले तरी किनारा ओसच राहिला, कारण तिथे हिवताप होता. किनाऱ्यालगतच्या खाजणांत आणि दलदलीत डास माजलेले. मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन खालच्या कुरणांवर उतरत आणि उन्हाळा लागण्याआधी वर परतत, कारण उन्हाळ्यात खाली राहणं म्हणजे ताप ओढवून घेणं. १९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने घरं, गोठे, ओढे, डबकी अशी बेटभर डीडीटीची फवारणी झाली. जुन्या घरांच्या भिंतींवर फवारणीवाल्यांनी रंगवलेली 'डीडीटी' ही अक्षरं आणि पुढची तारीख अजून कुठे कुठे दिसते. डासांची जात समूळ संपली नाही, हिवताप मात्र संपला. शेकडो वर्षांचं ओझं जेमतेम पाच वर्षांत उतरलं. बेटाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना म्हणायला हवी. पर्यटन पुस्तिकांत तिला एक ओळही मिळत नाही.

त्यानंतर जे झालं त्याचा एक धागा थेट पुण्याला जोडलेला आहे. ईशान्येच्या गालुरा भागात वाटण्यांची एक गोष्ट सांगतात: आतली चाऱ्याची चांगली जमीन मुलग्यांना आणि किनाऱ्याची खडकाळ, खारी, निकामी जमीन मुलींना. त्याच निकामी किनाऱ्यावर १९६२ मध्ये प्रिन्स करीम आगाखान यांनी भागीदार जमवून कोस्ता स्मेराल्दा उभा करायला घेतला. याच करीम आगाखानांनी १९६९ मध्ये पुण्याचा आगाखान पॅलेस, जिथे गांधीजी कैदेत होते आणि कस्तुरबांनी देह ठेवला तो, भारतीय जनतेला देऊन टाकला. गालुरात मोंती दि मोला म्हणून ओळखला जाणारा ग्रॅनाइटचा टापू 'पाचूचा किनारा' झाला, पोर्तो चेर्वोत श्रीमंतांच्या नौका लागू लागल्या. तिथल्या बांधकामाचे नियम कडक होते. घरं बुटकी, रंग मातीचे, झाडं तिथलीच. त्यामुळे स्पेनच्या किनाऱ्यावर उठल्या तशा उंच हॉटेलांच्या भिंती इथे उठल्या नाहीत, हे श्रेय द्यायलाच हवं. पण ज्यांच्या आज्यांनी ती जमीन नाक मुरडत घेतली होती, त्यांच्या नातवंडांना तिथे घर घेणं अशक्य झालं, हेही तितकंच खरं.

'अस्पर्श किनारा' म्हणून जे विकलं जातं, ते निसर्गाने राखून ठेवलेलं नव्हतं. गुलामगिरी आणि ताप यांनी माणसं तिथून हाकलली होती. त्या रिकाम्या वाळूची किंमत कुणीतरी जिवाने मोजली आहे. म्हणूनच २००४ मध्ये प्रादेशिक अध्यक्ष रेनातो सोरू यांनी किनाऱ्यापासून दोन किलोमीटरांच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला बंदी घातली, ती मला नुसती पर्यावरणाची बाब वाटत नाही. त्यांच्यावर टीका खूप झाली, पण त्यांचं बरोबर होतं.

वर डोंगरात गेलं की ओर्गोसोलोच्या भिंती बोलायला लागतात. १९६९ मध्ये या गावच्या प्रातोबेल्लो गायरानावर लष्कराला गोळीबाराचा सराव करायचा होता. बायकापोरांसकट गाव माळावर जाऊन बसलं आणि लष्कराला माघार घ्यावी लागली. पुढे सिएनाहून आलेले चित्रकलेचे शिक्षक फ्रांचेस्को देल कासिनो यांनी विद्यार्थ्यांना घेऊन भिंती रंगवल्या, आणि गावाने ती सवय सोडली नाही. इथलीच पाने काराझाऊ ही भाकरी. पातळ लाटलेली चकती लाकडाच्या भट्टीत फुलक्यासारखी टम्म फुगते. ती गरम असतानाच सुरीने कडेने कापून तिचे दोन पापुद्रे सोडवतात आणि पुन्हा भाजून कडक करतात. महिनोन्‌महिने कळपामागे हिंडणाऱ्या माणसाला ती पुरायची. आता डोंगरातली गावं ओस पडत आहेत. ओल्लोलाईने तर पडकी घरं एक युरोला देऊ केली. एकेकाळी किनारा रिकामा होता, आता डोंगर रिकामा होतो आहे, आणि रिकाम्या जमिनीवर बाहेरच्यांची नजर जायला वेळ लागत नाही. पवनचक्क्यांच्या बेसुमार प्रकल्पांविरुद्ध २०२४ मध्ये दोन लाखांहून अधिक सार्ड लोकांनी सह्या दिल्या. मोहिमेला नाव दिलं ते प्रातोबेल्लोचंच.

या बेटाला जाणाऱ्याला मी पूर्वेचं बाउनेई आधी पाहायला सांगेन. गाव डोंगराच्या कडेवर आणि खाली त्याच्याच हद्दीत काला गोलोरित्झे. पांढऱ्या गोट्यांचा हा छोटा किनारा १९६२ मध्येच दरड कोसळून तयार झाला, म्हणजे आगाखानांच्या योजनेच्याच वर्षी. इथली जमीन सामायिक, चराईच्या हक्काची. ती प्लॉट पाडून विकायला गावाने नकार दिला. बोटींना किनाऱ्याला लागायची मुभा नाही. दिवसाला २५० माणसं, आधी नाव नोंदवून, तिकीट काढून. गोल्गोच्या पठारावरून मेंढपाळांच्या जुन्या वाटेने तासाभराहून अधिक उतरायचं. वाटेत जुनिपरच्या ओंडक्यांनी शाकारलेल्या त्यांच्या झोपड्या लागतात. परतीची चढण उन्हात अंगावर येते, म्हणून सकाळी लवकर निघावं आणि पाणी भरपूर बरोबर घ्यावं.