ग्रंथालयात प्रौढ माणसाची जागा

बडोदे संस्थानात 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले आणि सयाजीराव गायकवाडांपुढे पुढचा प्रश्न उभा राहिला: शाळेत गिरवलेली अक्षरे शाळा सुटल्यावर टिकणार कशी? 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभे केले, ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून. बॉर्डन तीनच वर्षे राहिले, पण त्यांची घडी टिकली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची, तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरवायच्या. या खात्यात दृश्यशिक्षणाचाही एक विभाग होता, त्याची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. खेड्यापाड्यांत मॅजिक लँटर्नची चित्रे आणि सिनेमे फुकट दाखवणे हे त्याचे काम. ज्यांना वाचता येत नव्हते तीही ग्रंथालयाचीच माणसे, अशी त्यामागची धारणा होती. छोट्या वाचनालयाने मोठ्या माणसांसाठी वर्ग, चर्चा, सामूहिक वाचन असे काही चालवावे असे म्हटले की ‘हे वाचनालयाचे काम आहे का?’ असे आजही विचारले जाते. एका मराठी राजाने त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कृतीने देऊन ठेवले आहे.

महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. त्यांतली बहुसंख्य ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली, म्हणजे एखाददुसरी खोली, काही कपाटे आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणारा एकटा ग्रंथपाल. सकाळी वर्तमानपत्रांसाठी काही निवृत्त मंडळी येतात, दिवसभर स्पर्धा परीक्षेची मुले अभ्यासिकेत बसतात. चाळिशी-पन्नाशीतली शेतकरी बाई, गवंडी, किराणा दुकानदार, अंगणवाडी सेविका यांचा पाय सहसा तिथे वळत नाही. त्यांना वाचनाची आवड नाही, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. मागणी येईल तेव्हा पुस्तक काढून देणाऱ्या ग्रंथालयाकडून हे सूत्र पाळले जात नाही. ज्याच्या मनात प्रश्न अजून उमटलेला नाही, तो त्या प्रश्नाचे पुस्तक मागणार कसे? प्रश्न उमटायला चार माणसे एकत्र बसावी लागतात, बोलावी लागतात. म्हणून प्रौढांचे उपक्रम हा ग्रंथालयाचा फावल्या वेळचा उद्योग नव्हे. कपाटातली पुस्तके हलवण्याचा तो मुख्य मार्ग आहे, आणि त्याची गणना मूळ कामात झाली पाहिजे.

अर्थात, प्रत्येकच उपक्रम हे करू शकतो असे नाही. वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन, जयंत्या-पुण्यतिथ्या या निमित्ताने हारतुरे, भाषण आणि अहवालासाठी छायाचित्र एवढे होते, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या देवघेवीत काही फरक पडत नाही. व्याख्यानमालेची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे आणि तिच्या धर्तीवर गावोगावी ज्ञानसत्रे झाली. पण व्याख्यानात श्रोता गप्प असतो. छोट्या वाचनालयाचे बळ वेगळे आहे: तिथे पंधरा माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. त्या बळाला साजेसा उपक्रम छोटा हवा, पुन्हा पुन्हा होणारा हवा आणि ज्याचा शेवट कपाटापाशी होतो असा हवा.

सातबाराच घ्या. जमिनीचा मालक असूनही स्वतःचा उतारा नीट वाचता न येणारी माणसे गावात पुष्कळ असतात, त्यांत शिकलेलेही असतात. चार आठवडे, आठवड्याला एक संध्याकाळ, प्रत्येकाने आपला उतारा आणि आठ-अ घेऊन यायचे. वरचा नमुना सात हक्काचा, खालचा नमुना बारा पिकांचा. पोटखराबा म्हणजे काय, ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा कसा चढतो, फेरफाराच्या क्रमांकावरून मागचा व्यवहार कसा शोधायचा, हे गावातल्याच एखाद्या निवृत्त तलाठ्याने समजावून द्यायचे. याच बैठकीत एखादी बाई विचारेल की भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली आहे, ती करावी का. आणि मग 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात मुलींच्या हक्काबाबत झालेली दुरुस्ती वाचावीच लागेल. इथवर हे माहिती केंद्राचे काम झाले, असे कोणी म्हणेल. ग्रंथालयाचे काम यापुढे सुरू होते. हा उतारा, हे हक्क, ही जमिनीची वाटणी आली कुठून, असे कोणाला तरी वाटतेच, आणि त्याच्या हातात त्रिंबक नारायण आत्रे यांचा 1915 चा ‘गावगाडा’ देता येतो. महसूल खात्यात काम केलेल्या माणसाने लिहिलेला तो ग्रंथ अनेक वाचनालयांत धूळ खात पडलेला असेल. त्याला आता वाचक सापडला. तेच दुपारच्या वेळी बायकांच्या बैठकीत ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचण्याबद्दल म्हणता येईल. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य ऐकताना ज्यांना वाचता येत नाही त्याही भाग घेतील, स्वतःचे सांगतील, आणि ज्या लिहू शकतात त्या ते टिपून ठेवतील.

या सूचनेवरच्या आक्षेपांत सर्वांत वजनदार मला अभ्यासिकेची जागा जाईल हा वाटतो. गावात नोकरी नाही, शहरात खोलीचे भाडे परवडत नाही. अशा मुलाला शांत टेबल देणे हे मोठे काम आहे आणि ते काढून घेऊ नये. मात्र या मुलांची पुस्तके बहुधा त्यांच्याच पिशवीत असतात. त्यांना जागा लागते, ग्रंथसंग्रह क्वचितच. जागेची अडचण वेळेच्या वाटणीने सुटू शकते, आठवड्यातले दोन तास ही मागणी फार नाही. मोबाइलवर सगळे मिळते, हा दुसरा आक्षेप. मिळते हे खरे, पण ओटीपी विचारणारा भामटाही तिथेच भेटतो आणि मधुमेहावरचा अघोरी उपायही. मिळालेल्यापैकी कशावर विश्वास ठेवायचा हे एकट्याने ठरवणे अवघड असते. पैशांची अडचण मात्र मी हलकी मानत नाही. पूर्णवेळ वेतन नसलेल्या ग्रंथपालाला आणखी एक काम सांगणे अन्यायाचे आहे. शिवाय महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. केरळात ती आहे, म्हणून तिथल्या ग्रंथालय चळवळीला स्थानिक पैशाचा आधार मिळाला.

केरळकडून त्याहून महत्त्वाची गोष्ट घेण्यासारखी आहे. 1945 मध्ये पी. एन. पणिक्करांनी तिथली विखुरलेली वाचनालये एका संघात आणली, तेव्हापासून साक्षरतेचे वर्ग आणि चर्चा यांना ग्रंथालयाच्या कामात स्थान मिळाले. त्या संघाला 1975 मध्ये युनेस्कोचा क्रूप्सकाया पुरस्कार लाभला. आपल्याकडे मात्र ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकांची, नियतकालिकांची आणि सभासदांची संख्या हे मोठे निकष असतात. मोजायचे पुस्तकेच असतील, तर संस्था संख्या भरण्यासाठी स्वस्तातली पुस्तके घेणार, यात कार्यकारिणीचा दोष काढता येत नाही. निकष बदलणे शासनाच्या हातात आहे. वर्षभर नियमित चाललेला एखादा प्रौढ गट, त्याची हजेरी, त्या विषयावरच्या पुस्तकांची त्याआधीची आणि नंतरची देवघेव, एवढ्या नोंदी तपासणीच्या नमुन्यात आल्या आणि त्यांपोटी ग्रंथपालाच्या मानधनात भर पडली, तर ‘ड’ वर्गातले वाचनालयही हे काम उचलू शकेल. सुरुवात एखाद्या तालुक्यापासून करता येईल, आणि तिथल्या देवघेवीच्या नोंदवह्या दोन वर्षांनी उघडून पाहता येतील.